एव्हीमोर: एक दिवस उशिरा

तीन हिवाळे मी आणि गिरीश "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होतो. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आमचं ऑफिस एक, भाड्याचं घरही एक. मी पुण्याचा, तो नागपूरचा. स्कीइंगचं खूळ त्याचं. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला बर्फावरून घसरायची एवढी हौस कशी, हे त्यालाही सांगता यायचं नाही. मग फेब्रुवारीत त्याचं प्रोजेक्ट संपलं, कायमचं भारतात परत जायचं तिकीट हातात आलं आणि पुढचं वर्ष उरलंच नाही. उरला होता एक वीकेंड. ऑफिसात सोमवारची रजा टाकली आणि स्कॉटलंडमधल्या बर्फाच्या गावाला, एव्हीमोरला, निघालो.

गाडी त्याचीच. लाल, एवढीशी, चढ दिसला की कुरकुरणारी. जाताना ती तो मला देऊन जाणार होता. मागची सीट खचाखच भरलेली, पण आमच्या सामानाने नव्हे. परत जाणाऱ्याने आपला संसार नव्याने आलेल्यांना वाटून जायचा, ही इथल्या मराठी मंडळींची रीतच आहे. गिरीशचा मिक्सर, कुकर, छोटा टीव्ही आणि दोन रजया लंडनमध्ये एजवेअरला मंदार आणि केतकी या नवीन जोडप्याकडे पोचवायच्या होत्या. एजवेअर उत्तरेला जाणाऱ्या एम-वन मोटरवेला लागूनच आहे, म्हणजे वाटेतच. शुक्रवारी संध्याकाळी सामान टाकायचं, रात्री स्कॉटलंडच्या सीमेजवळचं कार्लाइल गाठायचं, शनिवारी दुपारी बर्फावर. बेत फक्कड होता.

"आत नाही येत वहिनी, लांब जायचंय," मी दारातच म्हणालो.

"अहो, असं कसं? जेवल्याशिवाय सोडणार नाही मी. इथे आल्यापासून घरी आलेले तुम्ही पहिलेच!" केतकी वहिनींनी श्रीखंड करून ठेवलं होतं, कणीकही मळलेली होती.

मी गिरीशला डोळ्यांनी खुणावलं. तो पुटपुटला, "अरे, त्यांनी कढई ठेवली गॅसवर. आता कसं उठायचं, सांग ना?"

जेवणं झाली. मग टीव्ही लावून दे, मग कौन्सिल टॅक्स म्हणजे काय, जीपीकडे, म्हणजे इथल्या डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं! गिरीश मांडी घालून सगळं समजावत बसला. वहिनी किती दिवसांनी इतकं बोलत होत्या, ते मंदारच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी मात्र मनातून चडफडत होतो. निघालो तेव्हा कार्लाइलचा विचारच सोडावा लागला. बर्मिंगहॅमच्या अलीकडे एका मोटेलमध्ये आडवे झालो आणि सकाळी मेल्यासारखे झोपून राहिलो.

शनिवार सगळा रस्त्यात गेला. जाणाऱ्यांसाठी सांगतो, पर्थला टाकी भरून घ्या, पुढे पंप लांब लांब आहेत. जाऊन-येऊन पेट्रोलला शंभरेक पौंड धरा. पुढच्या ए-नाइन रस्त्यावर लॉरीच्या मागे अडकलात तर ओव्हरटेकची घाई करू नका. पिटलॉक्री गावानंतर डोंगर पांढरे दिसायला लागले आणि अखंड बडबडणारा गिरीश काचेला नाक लावून बघत बसला. एव्हीमोरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

बी अँड बीच्या, म्हणजे आमच्या घरगुती लॉजच्या, मालकीणबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "आज काय सुंदर दिवस होता! वारा नाही, स्वच्छ ऊन. असा दिवस वर्षात क्वचित मिळतो."

गिरीशने लगेच पहाटे सहाचा गजर लावला.

रविवारी गावातल्या दुकानातून स्की आणि बूट भाड्याने घेतले, गाडी कुरकुरत वर चढवली. वरच्या कार पार्कात दार उघडेना, एवढा वारा. तिकीट खिडकीतला माणूस म्हणाला, "वाऱ्यामुळे डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद. दुपारी बघू." दुपारीही बंदच. कॅफेत चिप्स खात बसलो, एकेक गाडी खाली जाताना बघत.

गिरीशने तरी ते जडशीळ बूट चढवले आणि कार पार्कात दाणदाण चालून आला. मी कॅमेरा काढला. "उभा राहा, स्की घे हातात. नागपुरात कुणाला कळतंय?"

"नको रे. मला तर कळेल ना." त्याने बूट काढले.

गावात खाली आलो तर दुकानदाराने पैसे परत केले, वर सॉरीही म्हणाला. सोमवारी घरी पोचेपर्यंत गिरीश श्रीखंडाबद्दल एक शब्दही वाकडा बोलला नाही. चार दिवसांनी त्याला हीथ्रोला सोडलं आणि लाल गाडी घेऊन एकटा परतलो.

दोन वर्षांनी ऑफिसच्या लोकांबरोबर मी पुन्हा गेलो, त्याच गाडीतून. वारा नव्हता, स्वच्छ ऊन होतं. पडत-धडपडत एकदाचा न पडता खाली आलो आणि "बघितलंस का?" म्हणून बाजूला वळलो. शेजारी भलताच कुणीतरी होता. फार वाईट वाटलं. अजूनही चुटपुट लागते. एक ताट कमी जेवलो असतो तर? पण वहिनींचा आनंद आठवला की तेही म्हणवत नाही.

परवा गिरीशचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्याने विचारलं, "काय रे, नंतर गेलास का कधी स्कीइंगला?"

"छे रे, जमलंच नाही."

"बरं झालं," तो खुशीत म्हणाला. "मी येतोय कधीतरी. माझ्याशिवाय जाऊ नकोस हं."

"नाही जात," मी म्हणालो.