टेलरकाकूंचं सरकतं दार

लेकीला महिन्याभरात घरी नेता येईल असं डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी टेलरकाकूंनी मिस्त्रीला बोलावून बाथरूमचं दार उखडून टाकलं. अपघातानंतर लेक उपचार केंद्रात चाकांच्या खुर्चीत बसून होती आणि ती खुर्ची जुन्या चिंचोळ्या दारातून जाणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीने भिंत फोडून भलं मोठं भगदाड पाडलं. बाहेरचा बोळ इतका अरुंद, की उघडझाप करणारं दार आडवंच आलं असतं. म्हणून सरकतं दार मागवलं, चौकटीसकट. काकूंनी स्वतःच खुर्ची मोजून माप दिलं. "पंधरवड्यात दार तुमच्या घरात," दुकानदार म्हणाला.

पंधरवडा गेला, महिना गेला. आधी म्हणे माल बंदरातच अडकलाय. मग फळी आली तर रूळ नाही. रूळ आला तर त्यावर धावणारी चाकं कारखान्यातच संपलेली. काकू रोज दुपारी दुकानदाराला फोन लावायच्या.

"काकू, आता मी काय पोहत जाऊन जहाज ओढून आणू?"

"आणा की. येताना चाकंही घेऊन या."

बोलणं असं हसण्यावारी जायचं, पण फोन ठेवला की घर पुन्हा गप्प. सगळीकडे सिमेंटची धूळ. शिवणाच्या मशीनवर जुनी चादर, गिऱ्हाइकांचे कपडे पिशव्यांत बांधलेले. काकू त्या बिनदाराच्या बाथरूममध्येच अंघोळ करायच्या. घरात दुसरं माणूस नाही, लाजायचं कुणाला? तरी अंगावर पाणी घेताना त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

"आई, पडदा लाव आणि ने मला," लेक फोनवर म्हणायची. "गावभरच्या लोकांचे पडदे शिवतेस, एक माझ्यासाठी शिव."

"आणि कुणी आलं-गेलं तर? तरण्याताठ्या मुलीने पडद्याआड अंघोळ करायची?"

"कोण येतंय गं आपल्याकडे?"

"दार लागू दे नीट," काकू म्हणायच्या. "अर्धवट घरात नाही आणायची मी तुला."

अर्धवट घराचं काही व्हायच्या आत उपचार केंद्रातली खाट रिकामी करायची वेळ आली. तेव्हा लेकीच्या आत्याचा फोन आला. "वहिनी, माझं घर तळमजल्यावर, ऐसपैस. दार लागेपर्यंत राहू दे माझ्याकडे. मला काही जड नाही ती."

काकूंनी हो म्हटलं. करतात काय! सुरुवातीला लेक दिवसातून दोनदा फोन करायची. पुढे आत्याच्या ओळखीने ती एका दवाखान्यात फोन घ्यायला, पेशंटांना वेळा द्यायला बसू लागली. "आई, आता गर्दी आहे, मग करते," असं म्हणायची. त्या गडबडीतही तिचा आवाज मात्र पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. काकूंना बरं वाटायचं आणि आत कुठेतरी तुटायचंही.

शेवटी दार आलं. मिस्त्रीने चौकट बसवली, कडेची जागा विटा-सिमेंटने भरून घेतली. दार नुसतं बोट लावलं तरी सरकायचं. काकूंनी ते इतक्यांदा पुसलं की मिस्त्री म्हणाला, "काकू, रंग निघेल हो!"

रविवारी आत्या लेकीला घेऊन आली. मिस्त्रीही कौतुकाने थांबला होता.

"आई, हे तर हॉटेलसारखं झालंय!" म्हणत लेकीने खुर्ची पुढे नेली. खुर्ची चौकटीत शिरली आणि अडकली. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या कड्या लाकडाला घासल्या. लेकीने मागे घेऊन पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच.

मिस्त्रीने खिशातून पोलादी टेप काढून चौकट मोजली. "तुम्ही दिलेल्या मापाचीच आहे की."

"मी खुर्चीच्या मापावर बोटभर सैल धरलं होतं," म्हणत काकूंनी आपली शिवणाची टेप आणली. दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या. रोज ओढून ओढून त्यांची टेप ताणून लांबली होती. तिच्यावर खुर्ची होती त्याहून लहान भरली होती.

"पण माझा कपडा आजवर कुणाला घट्ट झाला नाही," त्या पुटपुटल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं. माणूसही याच टेपने मोजलेलं आणि कापडही याच टेपने. दार तेवढं दुसऱ्यांच्या टेपने बेतलेलं.

लेक खो खो हसली. आत्याही हसली. मग लेक हळूच म्हणाली, "आत्या, निघूया का? मला बाथरूमला जायचंय." जेवणाची ताटं मांडलेली तशीच राहिली.

ती गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "नवीन चौकट, नवीन फळी मागवायला लागेल. माल कधी येईल, देव जाणे."

"माल नको. काढून टाका सगळं."

"अहो, आत्ताच तर बसवलंय!"

"काढा म्हणते ना."

जागा पुन्हा मोकळी झाली तशी काकूंनी लेकीला फोन लावला. "आता खुर्ची बिनघोर जाईल, पडदा शिवते मी. सामान घेऊनच ये."

"येते ना आई," लेक म्हणाली. "रविवारी येते. सामान राहू दे इथे. दवाखाना सोडून कशी येऊ, सांग?"

काकूंनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग सकाळी लवकर निघ. म्हणजे दिवस मोठा मिळेल."