करदोडा काढला त्या दिवशी

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम. मी पैंजणांचे सांधे जोडतो. दिवसभर आगीपुढं बसतो, त्याचं काही वाटत नाही. पण कोल्हापूरच्या एसटीत पाय ठेवला की छाती धडधडते, घाम फुटतो आणि आता आपण मरणार अशी खात्रीच पटते. सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत. आई म्हणायची, "बाप्या माणसाला कसली रं भीती? सोंगं हाईत समदी." माझे वडील, आबा, कधी गाव सोडून कुठं गेले नाहीत. त्यांनाही ती हेच म्हणायची. हे सोंग नाही, एवढं कुणीतरी दाखवून द्यावं असं मला फार वाटायचं.

शेवटी बायकोनं मला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांच्याकडून कळलं की, कोल्हापुरात एक संशोधन चाललंय. भीतीचा आजार असलेल्यांच्या मेंदूत काय हालचाल होते ते मशीनमध्ये बघतात. मी लगेच तयार झालो. म्हटलं, फोटोच आणतो आणि आईपुढं टाकतो. जाताना एसटीत बायकोनं माझा हात सोडला नाही.

मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. तिथल्या माणसानं विचारलं, अंगावर धातू आहे का? मी ठामपणे नाही म्हणालो. मग त्यानं तपासणीची दांडी अंगावरून फिरवली आणि ती कमरेपाशी ओरडली. करदोडा. कळत नव्हतं तेव्हापासून कमरेला आहे. मी वाढलो तशी आई त्याला कड्या जोडत गेली. तो धातू आहे हे डोक्यातच आलं नाही.

"चांदी हाय ती," मी म्हणालो. "लोहचुंबकाला चिकटत न्हाय. हुपरीच्या माणसाला शिकवू नगा."

"चिकटत न्हाय पावणं, पण आत तापू शकते. चित्रबी बिघडतं."

आता आली का पंचाईत. आमच्याकडं करदोडा माणूस गेल्यावरच काढतात. आबांचा मीच काढला होता. कडीला हात लावला आणि भिंत धरून खाली बसलो. बायको पुढं आली, तिनं कडी उकलली आणि करदोडा मुठीत धरला. "मी हितंच बसतो," ती म्हणाली. "तुमी या जाऊन."

आत नळीत झोपवलं, तर पत्र्यावर हातोडा पडावा तसा आवाज. डोळ्यांपुढच्या पडद्यावर चेहरे दाखवत होते, काही शांत, काही भेदरलेले. भेदरलेला आला की मलाही पळावंसं वाटायचं.

बाहेर आल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला. मी बघतच राहिलो. ज्यानं मला जन्मभर पळवलं तो हा, आणि मी खुर्ची टाकून त्याच्यापुढं निवांत बसलो होतो. मग त्यांनी दुसरं चित्र लावलं. पार आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढ्या दोन जागा मुशीतल्या चांदीगत लालभडक झालेल्या. भेदरलेला चेहरा दिसला की इथलं काम वाढतं, त्या म्हणाल्या.

"हे माझं?"

"नाही काका, हे पुष्कळ जणांचं मिळून आहे. तुमचं अजून मोजायचंय. आणि एकट्याच्या चित्रावरून आजार सांगता येत नाही. पुष्कळ माणसं एकत्र मांडली, तरच काही कळतं."

म्हणजे आईपुढं टाकायला फोटो नव्हताच. पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. पुष्कळ माणसं. ना ओळख ना पाळख, पण माझ्यासारखीच एकेक जण घाबरत त्या नळीत जाऊन झोपली होती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं आणि करदोडा तिच्या हातात दिला. घालायचा तर तिच्याच हातानं, असं मनात होतं.

"फोटू कुठाय?" तिनं विचारलं.

"एकट्याचा चालत न्हाय म्हणं. लई माणसं लागत्यात."

ती कमरेशी वाकून कडी अडकवत होती.

"मग तुझ्या आबांनाबी न्यायला पायजे हुतं की रं त्यात," ती म्हणाली.

तिनं कडी दोनदा अडकवून बघितली, पण ती काही बसेना. मी तसाच उभा राहिलो.