हाय, पण देणारा न्हाई

"हाय मॅडम. पण देणारा न्हाई."

रोज दुपारी आमचे सर संगणकातून मान वर काढून एवढंच सांगायचे. परळीत माझा कॉम्प्युटर क्लास होता, तिथे ते शिकवायचे. असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल: शिकवतो मन लावून, पण मन दुसरीकडेच असतं.

'हाय' म्हणजे जो होता, तो एक पडलेला मराठी पिक्चर. टोरंटच्या, म्हणजे फुकटात पिक्चर उतरवायच्या, साइटवर त्याचं नाव दिसायचं. पण तिथला माल दुकानात नसतो. ज्याच्याकडे पिक्चर आहे त्याने आपला संगणक चालू ठेवला, तरच तो आपल्याकडे येतो. नावापुढे देणारे किती तो आकडा असतो. इथे शून्य.

त्या पिक्चरमध्ये सर होते. लग्नाआधी परळी स्टेशनात शूटिंग झालं, तेव्हा पाठीवर पोतं घेऊन ते फलाटावरून चालत गेले होते. सोयरीक जमवणाऱ्याने त्याचं "पोरगा सिनेमात हाय" करून टाकलं. सात वर्षांनी सासुरवाडीला, तेलगावात, कुणीतरी सासऱ्यांना विचारलं, "कोणत्या सिनेमात बे?" सासऱ्यांना सांगता येईना. पंचमीला माहेरी आलेली लेक त्यांनी ठेवूनच घेतली. जावयाला निरोप आला, "आदी पडद्यावर दाव, मग बायकोला ने."

क्लासच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि वीज रोज जायची. असली की सगळ्या मशीनवर पोरं. गेली की पोरं चहाला, आणि एका मशीनवर यूपीएसची आठ मिनिटं सरांची. साइटचं पान जाहिरातींसकट उघडायला दहा मिनिटं लागायची. म्हणून सरांनी लायब्ररी लिहिली, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रॅमला जोडावी अशी तयार कोडची पुडी. पान न उघडता ती फक्त नाव, आकार आणि देणारे एवढंच आणायची. चाळीस ओळी. ती त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवली. परदेशातल्या कुणीतरी कळवलं, पोस्टर दिसायची सोय करा. सरांनी उत्तर दिलं, वजन वाढेल.

"सर, ही चोरी नाही का?" मी एकदा विचारलं.

"मॅडम, ह्यो पिक्चर चोरायला बी कोणी तयार न्हाई."

माघ लागला आणि एक दिवस आकडा एक झाला. जगात कुठेतरी कोणी चार वाजता संगणक लावायचा आणि पाचला बंद करायचा. सरांना मशीन मोकळं मिळावं म्हणून मी चारची बॅच सहाला नेली. एकोणीस दिवसांनी पिक्चर पुरा उतरला.

सासरे लेकीला आणि शेंगांची पिशवी घेऊन आले. सर म्हणाले, "मामा, थेट स्टेशनच लावतो."

"मधूनच कावून? सुरुवातीपासून लाव."

हिरोच्या बारशाला वीज गेली. यूपीएसने पाळण्यापर्यंत नेलं आणि मान टाकली. वीज आली तसे सासरे म्हणाले, "लिंक तुटली. पुन्ना सुरुवातीपासून."

त्या दिवशी हिरो तीनदा जन्मला. तिसऱ्या पाळण्याला लेक उठली आणि नवऱ्यासमोर हात पुढे केला. "घराची किल्ली द्या. तुमी बसा बारसं जेवत."

सर उठले, "मॅडम, रजा," म्हणाले आणि तिच्यामागे निघाले. सासऱ्यांनी मान वळवली नाही. "दावल्याबिगर जावयाच्या घरचं पानी पिनार न्हाई," असं पडद्यालाच सांगितलं.

पुढचे तीन दिवस सर रजेवर आणि सासरे माझ्या क्लासात. सकाळच्या एसटीने यायचे, पिशवी मांडीवर, संध्याकाळी परत. मी शिकवायचे, मागे पाळणा. पोरांना अंगाई पाठ झाली.

चौथ्या दिवशी वीज टिकली. स्टेशन आलं. फलाटावरून एक पोरगा पोतं घेऊन आला, कॅमेऱ्याकडे बघू नको म्हणून सांगितलेलं असूनही त्याने बघितलं, आणि गेला. सरच.

सासऱ्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"लई वाळल्याला होता की तवा," ते म्हणाले. "खात न्हवता का काय, बाई?"

"एकटे राहायचे," मी म्हणाले.

त्यांनी टोपी घातली, पिशवी उचलली. मी खिडकीतून पाहिलं, एसटी स्टँड डावीकडे राहिला आणि ते उजवीकडे, सरांच्या गल्लीत वळले.

पिक्चर अजून दीड तास बाकी होता. मी मशीन बंद केलं.