न झालेल्या मुखत्यारपत्राची फी

आईला लकव्याचा पहिला झटका हलका आला होता. बोबडं का होईना, बोलत होती. नांदेडला राहून उपचार घेतले तर सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. पैसा उभा करायचा तर कालव्याकाठचं शेत विकणं आलं. ते तिला माहेराकडून मिळालेलं, तिच्या एकटीच्या नावावरचं. कचेरीच्या खेपा तिला झेपणार नव्हत्या. म्हणून तिनं माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून द्यायचं आणि विक्रीच्या सह्या मी करायच्या, असं बाबांनी अन् मी ठरवलं. तिच्या नावानं फी भरली, वसमतच्या कचेरीत जायला गाडी सांगितली.

गाडी दारात आल्यावर बाबांना आठवलं. "आज आमुशा हाय. आमुशेला अंगठा देत न्हाईत, पोरी."

बाबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गाडी परत गेली. दुसऱ्या पहाटे मोठा झटका आला आणि आईच्या तोंडात एकच शब्द उरला. न्हाई. चहा देऊ का विचारलं तरी न्हाई, आणि कप पुढे केला की घटाघटा प्यायची. आधी हसू यायचं. मग नुसता संताप यायचा, आमुशेचा, बाबांचा, देवाचा.

शेवटी निबंधक साहेबांनाच अर्ज करून घरी बोलावलं. ते खाटेजवळ वाकले.

"मावशी, लेकीला राजीखुशीनं अधिकार देताय ना?"

"न्हाई."

आम्ही बापलेक एकदमच ओरडलो, "साहेब, तिचं न्हाई म्हणजे व्हय!" त्यांनी कागद पिशवीत घातले. त्यांचं तरी काय चुकलं?

नोंदणी झाली नाही तर फी परत मागता येते, असं दस्त लिहिणाऱ्यानं सांगितलं. मी गेले वसमतला. कारकून म्हणाला, "मॅडम, फी आईच्या नावानं भरलीय. अर्ज त्यांचाच लागंल."

"तिला बोलता येत नाही, लिहिता येत नाही."

"मग त्यांचं मुखत्यारपत्र जोडा."

तो चेष्टा करत नव्हता, हेच जास्त लागलं. बसस्टँडवर येऊन मी भर गर्दीत रडले. फी गेली तर गेली, पण आता शेत विकता येणार नव्हतं, म्हणजे नांदेड नाही, म्हणजे आई कधीच बोलणार नाही.

घरी आल्यावर तिच्या उशाशी बसले. तिची गोधडी सारखी करत विचारलं, "माय, शेत विकायचंय ना गं?"

"न्हाई."

कप पुढे केल्यावर तिचा हात लगेच पुढे यायचा. आज मी हात पुढे केला, तर तिनं तिचा चांगला हात गोधडीत ओढून घेतला.

बोबडं बोलत होती तेव्हाही शेताचं तिला ना बाबांनी विचारलं होतं, ना मी. विचारलं ते एकट्या त्या साहेबांनी. आणि तिनं त्यांना उत्तर दिलं होतं.