लेकीच्या मागची गाडी

आमची लेक बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये ब्रिटनची विजेती झाली, तेव्हा इथल्या मराठी मंडळातली माणसं पुष्पगुच्छ घेऊन घरी आली. मला मात्र तिचं पळणंच आवडायचं. शाळेत असल्यापासून ती चिखलातल्या पळण्याच्या शर्यतीही जिंकायची आणि मी थर्मासमधला चहा पीत कडेला निवांत उभी असायचे. पळताना पडलं तर माणूस गवतावर पडतो.

धास्ती होती ती उन्हाळ्याची. २००५-०६ची गोष्ट. आम्ही राहतो त्या वेल्समधल्या कार्डिफला हिवाळ्यातही धड बर्फ पडत नाही, म्हणून या पोरी चाकं लावलेल्या आखूड स्की पायांत बांधून डांबरी रस्त्यावर सराव करायच्या. त्या स्कीला ब्रेक नसतो. मी कोचला सरळ विचारलं, "हा काय खुळेपणा?" तो हसला. म्हणाला, मागे घरचं कुणीतरी गाडी घेऊन राहिलं म्हणजे झालं. नवरा हॉस्पिटलात ड्युटीवर. उरले मी, नुकतंच लायसन्स मिळालेली.

दर रविवारी धोक्याचे दिवे लावून मी तिच्या मागे. मागचे गाडीवाले हॉर्न मारून बेजार करायचे, मी ढिम्म. त्यांना कोण भितंय? भीती मला माझ्याच उजव्या पायाची होती. लेक पडली आणि पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला तर?

एका रविवारी उतारावर मेंढी आडवी आली. लेक धाडकन पडली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पुढे लेक दिसेना. दार उघडायला हात उचलेना. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही.

मग बॉनेटच्या कडेवर एक हातमोजा आला. मी बाहेर धावले. बंपरपासून वीतभर अंतरावर ती बसली होती, कोपर सोललेलं. मी तिच्या पाठीत धपाटाच घातला.

"मेली असतीस! माझ्याच हातून! आता बास झालं. नुसती पळत जा."

"आई, रिलॅक्स ना. तू मागे असते म्हणून तर मी एवढी फास्ट जाते. बाकीच्या मुली सारख्या मागे बघतात. मी बघतच नाही."

तिने हेल्मेटचा पट्टा आवळला. अर्धा उतार अजून बाकी होता.

मी गाडीत बसले. मी नाही म्हटलं, तर दुसरं कुणीतरी गाडी घेऊन मागे असणार. आणि ही तरीही मागे बघणार नाही.