न दिसणारं लाळेरं

माझी मोठी जाऊ घरी शिवणकाम करते, आणि तिच्या कामाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्मायचाय. नक्षीच्या कापडात तर तिचा हात कोणी धरणार नाही. शिवणीवर फूल तुटलं, अर्धं इकडे अर्धं तिकडे गेलं, की ती सगळं उसवून पुन्हा बसते. मग गिऱ्हाईक दारात ताटकळत का असेना. हट्टी आहे, मी तोंडावर सांगते तिला.

आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, झटका येऊन गेला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि लाळ गळायला लागली. अण्णांचं सलून होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याला फडकं बांधलेला माणूस, स्वतःच्या गळ्याला काही बांधून घेईना. कोपऱ्यावरच्या दुकानात पत्ते खेळायला जायचे, तेही सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

जाऊबाईनं वेलबुट्टीचं कापड आणलं. त्याचा शर्ट शिवला आणि उरलेल्या कापडाचं लाळेरं. पण असं, की शर्टावर टिचबटणांनी लावलं की वेलीला वेल, पानाला पान बरोबर भिडावं. आत पाणी न झिरपणारं अस्तर. हात लावल्याशिवाय कळायची सोय नाही. असे दोन जोड केले. अण्णा आरशापुढे बराच वेळ उभे राहिले, आणि काठी घेऊन थेट पत्त्यांना गेले.

मग ते कापड जिथून आणलं होतं, त्या दुकानानं स्पर्धा काढली: आमची वेलबुट्टी कल्पकतेनं वापरा. कोणी दिव्याची शेड केली, कोणी छत्री, एकीनं तर पुस्तकांच्या कपाटाला आतून चिकटवली. जाऊबाईनं अण्णांचा दुसरा जोड नेऊन दिला. अण्णांना विचारलं नाही.

"त्यांचं नाव कुठे लिहिलंय? कोणाला कळणार आहे?" मला म्हणाली.

मलाही ते पटलं. कमाल आहे आमच्या दोघींच्या अकलेची.

पहिला नंबर आला. संध्याकाळी आम्ही नटूनथटून बघायला गेलो. दुकानाच्या काचेत पुतळा उभा, अंगात शर्ट, लाळेरं एका बाजूनं सोडून लोंबतं ठेवलेलं. खाली पाटी: 'वृद्धांसाठी न दिसणारं लाळेरं'. आणि काचेबाहेर अण्णा. अंगात तसलाच शर्ट, सोबत पत्त्यांतले दोन मित्र.

"अरे, हा तर तुझाच शर्ट," एक जण म्हणाला. दोघांची नजर अण्णांच्या छातीवर गेली, आणि लगेच दोघंही दुसरीकडे बघायला लागले. अण्णांनी तळहात छातीवर दाबून धरला. जाऊबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर ती अण्णांच्या खाटेशी जमिनीवर बसली. लाजेनं तिची मान वर होईना.

"चुकलं माझं, अण्णा. उद्याच काढून आणते."

"राहू दे. काम चांगलं झालंय," ते म्हणाले. त्यानंतर पत्ते बंद. मित्र बोलवायला आले, की झोपलोय म्हणून सांगा म्हणायचे.

बक्षीस म्हणून त्याच कापडाचा अख्खा तागा घरी आला. जाऊबाईला तो डोळ्यांसमोर नको होता, तिनं पलंगाखाली ढकलला. पण अण्णांनी पाहिलाच.

"याचे खिडकीला पडदे शिव," एकेक शब्द जुळवत ते म्हणाले. "दुपदरी शिव. रस्त्यावरून आत दिसता कामा नये."

जाऊबाई उठली. टेप घेऊन खिडकीचं माप घ्यायला लागली.