खोडरबरवाली कंपनी

किस्से काही आपण जमवत नाही. तीन म्हातारी माणसं एका चटईवर बसली की ते आपोआप जमतात, आणि एकच किस्सा तिघं तीन तऱ्हेने सांगतात. त्यातलं खरं काय ते मी सांगते, कारण टेस्टिंगला मी होते!

आम्ही तिघंही पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कंपनीचे. पहिले पीसी आले तेव्हा त्यांच्यात ना पुरेशी मेमरी, ना प्रिंटरची सोय, ना घड्याळ. हे सगळं देणारं एक कार्ड आम्ही बनवायचो. पीसीची पेटी उघडायची, कार्ड खाचेत बसवायचं, झालं काम. दामलेसाहेबांनी ते डिझाइन केलं, मी तपासायचे आणि रत्नागिरीचे इक्बालभाई विकायचे. विकता विकता ते कतारला, दोह्यापर्यंत पोचले आणि इथेच दुकान थाटून बसले. साहेब आता लेकीकडे दोह्यातल्याच पर्ल बेटावर असतात, मी मुलाकडे जवळच्या अल खोर गावात. शुक्रवारी इक्बालभाईंच्या समैस्मा गावातल्या घरी आमची बैठक.

*

पहिलं कार्ड साहेबांनी मोठ्या ऐटीत चालू करून मालकांना दाखवलं. "एका कार्डात तीन कामं!"

मालकांनी कौतुकाने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "दामले, चौथंही करतंय की. यावर चहा ठेवा!"

साहेब आठवडाभर मालकांशी बोलले नाहीत. पुढच्या कार्डावर मात्र हात ठेवता येत होता.

*

खंडेनवमीला आमच्याकडे पूजेचा थाट असायचा. एका वर्षी पॅकिंगच्या मावशींनी सोल्डरिंगच्या बंदुकांबरोबर तयार कार्डांनाही हळदकुंकू वाहिलं. वाहिलं ते वाहिलं, नेमकं खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांवर! दुसऱ्या दिवशी टेस्टिंगला एकही कार्ड चालेना. मालक रडकुंडीला आले.

माझ्या पर्समध्ये मुलाचं खोडरबर होतं. सहज एका कार्डाचे दात घासले, तर कार्ड चालू! मग काय, मालकांसकट सगळी कंपनी दिवसभर खोडरबर घेऊन बसली.

"कोपऱ्यातला कुंकवाचा ठिपका पुसायचा नाही हं," मावशींनी मालकांनाच दम भरला, "देवाचा आहे तो."

तेव्हापासून आम्ही प्रत्येक खोक्यात एक खोडरबर घालायला लागलो. गिऱ्हाईक विचारायचं, हे कशाला? इक्बालभाई ताठ मानेने सांगायचे, "सर्व्हिस किट आहे! दुसरी कुठली कंपनी देते?" बाजारात आमचं नावच पडलं, खोडरबरवाली कंपनी.

*

दोह्यातल्या एका अत्तरवाल्याकडे कासमचाचा मुनशी होते. इक्बालभाईंनी त्यांच्या पीसीत आमचं कार्ड बसवलं, आणि दुसऱ्याच दिवशी चाचा दुकानात हजर.

"पूर्वी सकाळी चालू केलं की ते मला तारीख विचारायचं. मी सांगायचो, मग पुढे जायचं. आता विचारतच नाही!"

"चाचा, आता त्याला घड्याळ दिलंय. त्याचं त्यालाच कळतं."

"त्याला कळतं, मग मी कशाला? माझा मान गेला, खलास!"

इक्बालभाईंनी कार्डावरचं घड्याळ बंद करून दिलं. चाचा शुक्रन, शुक्रन असे आभार मानत गेले. साहेबांनी ज्या घड्याळासाठी रक्त आटवलं ते असं बंद झालं, हे कळल्यावर ते इक्बालभाईंवर जे भडकले, ते अजून अधूनमधून भडकतात.

*

पुढे मेमरी, प्रिंटर, घड्याळ सगळं मदरबोर्डवरच यायला लागलं. "घरात सून आल्यावर स्वयंपाकीण कोण ठेवतं?" असं म्हणून मालकांनी कुलूप लावलं. मी विचारलं, "आणि सुनेला येत नसलं तर?"

*

अलीकडची गोष्ट. साहेबांच्या नातीला, इराला, शाळेत आजोबांबद्दल बोलायचं होतं. ती म्हणाली, "आजोबा वर्क्ड इन अ शॉप." साहेबांना ते फार लागलं. त्यांच्याकडे स्वतःचं एक कार्डही उरलेलं नाही. "तिला एकदा फक्त चालताना दाखवायचं होतं हो," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी इक्बालभाईंनी गोडाऊनमधून आमचं कार्ड असलेला कासमचाचांचा जुना पीसी आणून टेबलावर ठेवला. साहेब इराला घेऊन आले. ती गृहपाठाचं दप्तर उघडून कोपऱ्यात बसली होती.

हा पीसी चालू केला की स्क्रीनवर मेमरीचा आकडा चढत जातो. कार्ड मेलेलं असेल तर २५६ वर थांबतो, जिवंत असेल तर ६४० पर्यंत जातो. आम्ही श्वास रोखून बसलो. आकडा २५६ वर थांबला.

"इट्स ओके, आजोबा," इरा म्हणाली.

साहेबांनी पीसी बंद केला, पेटी उघडली, कार्ड बाहेर काढलं. कोपऱ्यात लाल ठिपका तसाच होता.

"इरा, तुझं इरेजर दे."

साहेबांनी सावकाश दात घासले, कार्ड परत बसवलं. "यल्ला, चला!" इक्बालभाईंनी बटण दाबलं. आकडा चढला, २५६ ओलांडून गेला आणि ६४० वर जाऊन थांबला. इक्बालभाई टाळ्या पिटायला लागले.

"आजोबा! यू मेड धिस?"

"हो," साहेब म्हणाले.

एवढ्यात स्क्रीनवर ओळ उमटली: आजची तारीख टाका. इराचा हात पटकन कीबोर्डकडे गेला. इक्बालभाईंनी तो अडवला.

"थांब बेटा. साहेबांना विचारलंय."

साहेबांनी कॉलर नीट केली, खुर्ची पुढे ओढली, बोटं कीबोर्डवर ठेवली. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले,

"सुनंदाबाई, आज तारीख काय हो?"